शिक्षक होऊ पाहणाऱ्यांची तयारी

रेणापूर हे सीमेवरचे गाव नव्हे. उदगीर, देवणी, निलंगा या तालुक्यांना कर्नाटक लागून आहे. नांदेडच्या देगलूर, बिलोली, धर्माबादला तेलंगण लागून आहे. रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीस परिचित असलेले रेणापूर त्या मानाने मराठी मुलखाच्या पुष्कळ आत वसलेले. तरीही या तालुक्यातील एखाद्या प्राथमिक शाळेत सराव पाठ घेण्यासाठी जो छात्राध्यापक उभा राहतो, त्याच्यापुढे एकच भाषा बोलणारी मुले बसलेली असतील असे धरून चालता येत नाही. तांड्यावरून आलेले मूल घरी गोरमाटी बोलते. आईला ते याडी म्हणते आणि भाकरीला बाटी. मोहल्ल्यातील मुलाची दखनी उर्दू ही पुस्तकी उर्दूपासून जितकी दूर, तितकीच मराठीला जवळ. वडार वस्तीवरच्या मुलाच्या घरात तेलुगूच्या वळणाची बोली असते. निवाड्याच्या रेणा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात आणि कोठल्या कोठल्या जिल्ह्यांतील मुले चार-सहा महिन्यांसाठी त्या परिसरात येतात. राहिले स्थानिक शेतकऱ्याचे मूल. ते मराठीच बोलते. पण 'काय करूलालास' असे विचारणारी ही मराठी पाठ्यपुस्तकात कोठेही छापलेली नसते.

अशा वर्गाला सामोरे जाण्याची तयारी आपली अध्यापक विद्यालये आणि अध्यापक महाविद्यालये करून देतात काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. शिक्षक-प्रशिक्षणाविषयीच्या चर्चासत्रांतून सध्या तीन शब्दप्रयोग वारंवार कानी पडतात. आंतरसांस्कृतिक कौशल्य, प्रेरणा आणि डिजिटल साक्षरता. तिन्ही विषय सुटे सुटे हाताळले जातात, तिन्हींवर स्वतंत्र निबंध वाचले जातात आणि तिन्हींचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः हे तीन प्रश्न नसून एकाच प्रश्नाची तीन अंगे आहेत, आणि मराठवाड्यात तरी ती एकमेकांपासून सोडवता येणार नाहीत.

भाषेपासून आरंभ करणे सयुक्तिक ठरेल, कारण या विषयात मराठवाड्याचा अनुभव उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा राज्यकारभार उर्दूतून चाले, सरकारी माध्यमिक शाळांचे माध्यम उर्दू होते आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्यास प्रारंभ केला. एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो उपक्रम म्हणून त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या प्रजेची भाषा मराठी, तेलुगू वा कन्नड होती तिच्या मुलांना त्याचा अर्थ वेगळा होता. घरी ज्या शब्दांनी जग कळले ते शब्द शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवून आत जावे लागे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी अनेकांनी भूमिती आणि इतिहास असा परक्या शब्दांतून घोकलेला आहे. त्यांतील काहींची उर्दू अखेरपर्यंत उत्तम राहिली. पुष्कळांची शाळा मात्र मध्येच सुटली.

१९२१ साली हिप्परग्यास जी राष्ट्रीय शाळा निघाली तिच्यामागे ही वेदना होती. कर्नाटकातील सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि नंतर रेणापूरच्या शेजारच्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, योगेश्वरी विद्यालयात त्यांनी काम केले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नेता हा मुळात एक शाळामास्तर होता, ही गोष्ट आपण उत्सवाच्या भाषणांतून सांगतो खरी. पण एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात येऊन तेथल्या मुलांच्या भाषेत शिकवणारा तो मास्तर होता, हा तिच्यातील शिक्षकांच्या उपयोगाचा भाग मात्र वगळतो. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेतील शेकडो तरुण-तरुणी आज बी.एड. करीत आहेत. परक्या भाषेच्या शाळेचा जाच काय असतो हे ज्या प्रदेशाला अन्य कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही, त्या प्रदेशातील या भावी शिक्षकांना तांड्यावरच्या मुलाची अडचण आपोआप कळावी, अशी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात असे घडलेले दिसत नाही. राज्यभाषा आपली झाली आणि आपण उंबरठ्याच्या आतल्या बाजूस आलो. आता मराठी हीच शाळेची भाषा असल्याने जे मूल ती बोलत नाही ते 'मागे पडलेले' ठरते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर वाचन कच्चे असा शेरा पडतो. त्याला दोन भाषा येतात, त्यांपैकी एक आपल्याला येत नाही, असा शेरा लिहिणारा शिक्षक विरळा. गतवर्षीचा, म्हणजे २०२५ चा, हिंदीविषयीचा वाद येथे आठवतो. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारा शासननिर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये त्यात फेरफार झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या साऱ्या गदारोळात सहा वर्षांच्या मुलाला कोणकोणत्या भाषा शिकवाव्यात यावर हिरिरीने लिहिले-बोलले गेले. ते मूल शाळेत येताना कोणती भाषा घेऊन येते, हे विचारणारे आवाज थोडे होते.

आंतरसांस्कृतिक कौशल्य हा शब्द जड आहे आणि तो ऐकताच परदेशगमनाची तयारी डोळ्यांपुढे येते. परंतु त्याचा साधा अर्थ आपल्याहून निराळ्या रीतीच्या माणसाशी, त्याला कमी न लेखता आणि स्वतः न बावरता, व्यवहार करता येणे एवढाच आहे. शिक्षकाच्या बाबतीत त्याची पहिली पायरी स्वतःच्या बोलीपाशी आहे. रेणापूर, चाकूर, अहमदपूर या भागांतून आलेली विद्यार्थिनी अध्यापक विद्यालयात दाखल होते तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच तिच्या लक्षात येते की आपण 'कामून' म्हटले की वर्गात खसखस पिकते. ती 'का' म्हणू लागते. प्रमाण मराठी तिला आली पाहिजे यात वाद नाही. लेखनात आणि औपचारिक बोलण्यात ती हवीच. पण आपल्या घरची भाषा अशुद्ध आहे असे जिने मनाशी मान्य केले, ती उद्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची भाषा भाषाच आहे असे कशी मानणार? तिला जी शरम प्रशिक्षणात लाभली तीच ती पुढे वाटत जाईल. दखनीतला 'नक्को' हा मराठीतल्या 'नको'चाच भाऊ आहे, ही गोष्ट पहिलीच्या वर्गात किती कामाची आहे! ज्या शिक्षिकेला ती ठाऊक आहे तिला दोन भाषांमधली पायवाट सापडली, असे म्हणता येईल.

अभ्यासक्रमात याची सोय नाही असे मात्र कोणी समजू नये. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ साली नवे विनियम केले, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, आणि त्या आराखड्यात सर्व विषयांतील भाषेचा विचार करणारी स्वतंत्र अभ्यासपत्रिका समाविष्ट झाली. माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक जाण हाही त्यात एक घटक आहे. वीस आठवड्यांचा शालेय अनुभव, ज्याला आपण आंतरवासिता म्हणतो, तोही त्यातलाच. कागद निर्दोष आहे. परंतु बहुभाषिक वर्गावरची ती अभ्यासपत्रिका गाइडातून वाचून, पाच गुणांच्या टिपा लिहून उत्तीर्ण होता येते. आणि आंतरवासितेसाठी शाळा निवडली जाते ती बसस्थानकापासून जवळ असलेली. तांडा किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांचे हंगामी वसतिगृह यांचे तोंड न पाहताही बी.एड. पूर्ण होते.

आता प्रेरणा. या शब्दाचा उच्चार प्रशिक्षणवर्गात प्राचार्यांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वजण करतात आणि शिक्षकी पेशा हे व्रत आहे असे सांगून विषय संपवतात. व्रत घेणाऱ्याने किती वर्षे उपवास करावा याला काही मर्यादा असावी. २००० च्या दशकात विनाअनुदानित डी.एड. विद्यालये गावोगाव निघाली आणि मराठवाड्यातील अनेक शेतकरी कुटुंबांनी शुल्काची जमवाजमव करून मुलामुलींना तेथे घातले. मे २०१२ मध्ये राज्य शासनाने शिक्षकभरतीवर बंदी घातली. डिसेंबर २०१३ मध्ये पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली, डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी झाली, आणि 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून नेमणुका होऊ लागण्यास २०१९ उजाडले. ऐन उमेदीची सात वर्षे अशी गेली. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गैरप्रकार डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आले. त्यातून पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली आणि प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांच्या वाट्याला संशय आला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पदवी प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता नव्हे असा निर्णय दिला. तो शैक्षणिकदृष्ट्या योग्यच होता, पण त्या आशेवर शिकणाऱ्यांची वाट त्याने बदलली. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने तर सेवेत असलेल्यांनाही, निवृत्तीस पाच वर्षांहून कमी काळ राहिलेले वगळता, पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. यांतील प्रत्येक निर्णयाचे समर्थन करता येईल. परंतु विसाव्या वर्षी या मार्गाला लागलेल्या तरुणाच्या दृष्टीने पाहिले तर नियमांचा पट त्याच्या पायांखालून दर दोन वर्षांनी ओढला गेला आहे.

आणि नोकरी लागलीच तर? प्राथमिक शिक्षणसेवकाचे मासिक मानधन २०२३ सालापर्यंत ६,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,००० झाले, हेही नमूद केले पाहिजे. खाजगी संस्थांतील नेमणुकांसाठी जे काही मोजावे लागते त्याविषयी येथे लिहिण्याची गरज नाही. वाचकांना ते लेखकापेक्षा अधिक ठाऊक असेल. लातूर हे तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या 'लातूर पॅटर्न'चे माहेरघर. ज्या शहरात शिकवणीवर्गांच्या फलकांवरून यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे रस्ताभर झळकतात, तेथे डी.एल.एड.ला प्रवेश घेणारा मुलगा आपला क्रमांक कितवा लागतो हे न सांगता जाणतो. त्याला प्रेरणा नाही अशी तक्रार करणे सोपे आहे. ती कोणकोणत्या हातांनी काढून घेतली, हे पाहणे तितकेसे सोयीचे नाही.

या ठिकाणी भाषेचा आणि प्रेरणेचा धागा जुळतो. 'पवित्र' प्रणालीतून निवड झालेला रेणापूरचा उमेदवार गुणवत्तेनुसार नंदुरबारच्या धडगावला जाऊ शकतो, पालघरच्या मोखाड्याला, अमरावतीच्या धारणीला किंवा आपल्याच विभागातील किनवटला. तेथे त्याच्यापुढे भिल्ल, वारली, कोरकू, गोंड, कोलाम मुले बसतात. भाषा कळत नाही, मुले बोलत नाहीत. शिकवण्याचा आनंद म्हणजे जो काही असतो तो महिनोन्महिने हाती येत नाही. आणि मग सारे लक्ष आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे लागते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कोरकू कानांवर पडू लागून दोन शब्द तोंडात बसेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि तोवर बदली झालेली असते. त्या मुलांच्या नशिबी पुन्हा नवा, पुन्हा न समजणारा गुरुजी. निराळ्या भाषेच्या वर्गात कसे उतरावे याचा काही सराव ज्याने प्रशिक्षणकाळात केला आहे त्याला पहिले सहा महिने कमी जड जातील, आणि वर्गात काही घडते आहे असे दिसले की माणूस टिकतो. शिक्षकाची प्रेरणा व्याख्यानाने वाढत नसते; मुलाने उत्तर दिले की वाढते.

तिसरे अंग डिजिटल साक्षरतेचे. याविषयी बराच गैरसमज आहे आणि तो शासनानेच जोपासला आहे. २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात डिजिटल शाळांची संख्या मोजली गेली. त्याच वर्षी 'सरल' प्रणाली आली. २०१७ च्या शिक्षकदिनी केंद्राने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले आणि २०१९ मध्ये 'निष्ठा' प्रशिक्षण आले. (दीक्षा आणि निष्ठा या दोन्ही गोष्टी कळ दाबून मिळतात, असे या नावांवरून कोणाला वाटल्यास त्याचा दोष नाही.) यू-डायसची माहिती, पोषण आहाराची नोंद, हजेरी, छायाचित्रे, अहवाल, असे कितीतरी काम आज शिक्षकाला भ्रमणध्वनीवरून करावे लागते. त्यालाच डिजिटल साक्षरता म्हणण्याची प्रथा पडली आहे. ही साक्षरता नसून कारकुनी आहे. पूर्वी ती दौत-टाकाने होई, आता पडद्यावर बोट फिरवून होते.

मुलांकडे साधने नाहीत ही २०२० मधील स्थिती होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक ४.४ टक्क्यांकडे. शाळा बंद पडल्या तेव्हा याचे परिणाम दिसले. म्हणूनच सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' सारखी मालिका उपयोगाची ठरली. पुढे चित्र झपाट्याने पालटले. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात चौदा ते अठरा वयोगटातील सुमारे नव्वद टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. त्याच अहवालात याच वयाच्या पंचवीस टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत अस्खलित वाचता येत नव्हता. फोन वापरू शकणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. प्राथमिक शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या मुली या दुसऱ्या आकड्यातूनच येतात, हे अध्यापक विद्यालयांनी ध्यानी घेतले पाहिजे. तंत्रज्ञानाचा तास घेताना वर्गातील प्रत्येकीच्या हाती स्वतःचा फोन आहे असे गृहीत धरता येत नाही. अनेकींचा फोन भावाचा असतो आणि संध्याकाळी परत द्यायचा असतो.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. पाठटाचण दोन मिनिटांत तयार होऊन येते. याने हाहाकार उडाल्यासारखे बोलले जाते, पण टाचणवह्या आधीच्या तुकडीकडून उतरवून घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. फरक एवढाच की आता उतरवण्याचे कष्टही उरले नाहीत. खरी अडचण निराळी आहे. जे टाचण यंत्र लिहून देते ते कोठल्याही वर्गासाठी असते, आणि कोठलाही वर्ग नावाची गोष्ट रेणापूर तालुक्यात अस्तित्वात नाही.

मग डिजिटल साक्षरता कशाला म्हणावे? एक उदाहरण घेऊ. तांड्यावरच्या आजीची गोष्ट छात्राध्यापिकेने तिच्या परवानगीने फोनवर ध्वनिमुद्रित करावी. ती देवनागरीत उतरवावी. गोरमाटीला स्वतःची रूढ लिपी नसल्याने देवनागरीच सोयीची. प्रत्येक वाक्याखाली मराठी लिहावे, ते बरोबर आहे की नाही हे तांड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडून तपासून घ्यावे, चार चित्रे जोडून वर्गाला ऐकवावे. गोष्टीत ज्यांची नावे वा चेहरे येतात ते बाहेर कोठे पसरणार नाहीत याची काळजी घ्यावी. एवढ्या एका कामात यंत्र वापरण्याचे कौशल्य आले, माहितीची शहानिशा आली, दुसऱ्याच्या खाजगीपणाची जाण आली. शिवाय ती तांड्यावर गेली, तेथे बसली, पाणी प्याली. आंतरसांस्कृतिक कौशल्याची व्याख्या तिला पाठ येत नसेल तरी चालेल. आणि आजीचा आवाज वर्गात ऐकून त्या मुलाची मान वर झाली तर, प्रेरणेचा प्रश्नही निदान त्या दिवसापुरता सुटलेला असेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडाची जोड देण्याच्या कामासाठी, हे सर्वांना आठवते. त्याच शिक्षकाने भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतील मुलांची पडद्यावर गाठ घालून देण्याचा उपक्रमही चालवला, आणि दहा लाख डॉलरच्या पुरस्काराची निम्मी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. आपल्या वृत्तपत्रांनी रकमेचा आकडा मोठ्या टाइपात छापला. ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. मुलाच्या भाषेतून आरंभ करून क्रमाने ओडियाकडे जायचे अशी त्याची रीत. तेथेही अडचणी आल्याच, पण प्रश्न प्रश्न म्हणून मान्य तरी झाला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. तांड्यावरचे पालकच विचारतील, आमच्या मुलाला गोरमाटी येतेच, शाळेत मराठी शिकवा, जमल्यास इंग्रजी शिकवा. त्यांचे म्हणणे रास्त आहे. येथे गोरमाटीचे वर्ग काढा असे सुचवलेले नाही. मराठीपर्यंत लवकर पोहोचावे म्हणूनच मुलाच्या भाषेतून निघायचे आहे. जो शिक्षक ती भाषा वर्गाबाहेर ठेवतो त्याच्या वर्गात मूल मराठीही शिकत नाही, गप्प बसायला शिकते.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोन वर्षांत आधीच काय काय बसवायचे, असे प्राध्यापक म्हणतील. त्यांच्या निदर्शनास एक गोष्ट आणावीशी वाटते. सराव पाठाच्या निरीक्षणासाठी जो छापील तक्ता वापरतात त्यात प्रस्तावना, फलकलेखन, आवाजाची पट्टी, शैक्षणिक साधनांचा वापर असे रकाने असतात. त्यांतच आणखी एक घालावा. वर्गातील मुलांच्या घरच्या भाषा कोणत्या, आणि पाठात त्यांचा उपयोग कोठे केला. वीस आठवड्यांपैकी तीन आठवडे तांड्यावरच्या, हंगामी वसतिगृहाच्या किंवा उर्दू माध्यमाच्या शाळेत काढावेत, आणि तेथे केलेले एक ध्वनिमुद्रण व त्याचे लेखन हेच तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक मानावे. उर्दू माध्यमाच्या छात्राध्यापकांनी तसेच मराठी शाळांत यावे. यासाठी २०२० च्या राष्ट्रीय धोरणातला चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सर्वत्र सुरू होण्याची वाट पाहायला नको. मुरूडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि नांदेडचे विद्यापीठ यांना मनात आणल्यास हा रकाना येत्या शैक्षणिक वर्षाच्या तक्त्यात छापून घेता येईल.